नंबराऐवजी नाव

केसचा फक्त नंबर पुकारायचा, असं मला दोनदा बजावलेलं होतं. मी मुलीचं नाव पुकारलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. आणि एकदा नव्हे, तीन वेळा.

ते नाव मी इथे लिहीत नाही. झालं तेवढं पुष्कळ झालं. कोर्ट कुठलं तेही सांगत नाही. सांगलीच्या बाजूचं, तालुक्याच्या गावचं, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली चहाची टपरी असलेलं, एवढं पुरे. अशी कोर्टं चिक्कार आहेत. माझ्यासारखा शहाणा मात्र त्यांपैकी एकालाच मिळाला होता.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्या गावात पोरांना मिसरूड फुटायच्या आधी भरतीचं वेड लागतं, तसं मलाही लागलं. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून बाहेर पडलो तेव्हा माझ्याजवळ तीन गोष्टी होत्या : पेन्शन, एक काळी ट्रंक आणि आवाज. पेन्शन बायकोने ताब्यात घेतली, ट्रंक माळ्यावर गेली. आवाज तेवढा माझ्याकडे राहिला. माजी सैनिकांच्या कोट्यातून कोर्टात शिपाई म्हणून लागलो आणि त्या आवाजाला पुन्हा काम मिळालं.

ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत केस निघाली की शिपायाने दाराबाहेर येऊन पक्षकारांना मोठ्याने हाक मारायची, याला पुकारा म्हणतात. बाकीचे शिपाई तोंडातल्या तोंडात पुकारायचे. मी व्हरांड्यात येऊन, टाचा जुळवून, छाती भरून पुकारायचो. टपरीवरची माणसं अर्धा कप टाकून पळत यायची. एक म्हातारे वकील म्हणायचे, "हवालदार, तुम्ही पुकारलंत की मेलेला साक्षीदारसुद्धा उठून येईल." हे वाक्य मी सुट्टीला गावी गेलो की किमान चार घरांत सांगत असे. बायको म्हणायची, "आवं, जेवायला बसा म्हणताना बी तुमी आख्खी आळी गोळा करता." त्यातही मला कौतुकच ऐकू यायचं.

तर ती मुलगी. बाविसेक वर्षांची असेल. पोलीस भरतीसाठी ती एका अकॅडमीत सरावाला जात होती. अशा अकॅडम्या आता आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत; पहाटे रस्त्याने पोरंपोरी पळताना दिसतात, मागे मोटारसायकलवर शिट्टी घेतलेला माणूस. त्या शिट्टीवाल्याविरुद्धच तिची केस होती. त्याने तिच्याशी काय केलं ते फाइलमध्ये होतं आणि ते फाइलमध्येच राहू दे. तिच्या गावात केस झाल्याचं सगळ्यांना माहीत होतं, मुलगी कोण ते माहीत नव्हतं. लोक चार-पाच नावं घेत होते. तिचं नाव त्यात शेवटी यायचं, कारण ती फार बोलायची नाही. ती नोकरीसाठी कुपवाडला मावशीकडे गेलीय, असं घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. या एवढ्याशा आडोशावर त्या घराचं चाललं होतं.

तिच्यासोबत तिची आई असायची, आणि ताई. ताई म्हणजे एका संस्थेतली बाई. अशा मुलींबरोबर पोलीस ठाण्यापासून साक्षीपर्यंत सोबत राहायचं, हे तिचं काम. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण सगळं कोर्ट तिला ताईच म्हणायचं. तिने या मुलीला साक्षीच्या दिवसापर्यंत आणायला जवळजवळ दोन वर्षं घालवली होती, हे मला नंतर कळलं. मला सगळंच नंतर कळलं.

त्या सकाळी आरोपी आला तो पांढऱ्या शर्टात, ताठ मानेने, मिशा पिळून. चालण्यावरून मी ओळखलं, आपलाच माणूस. विचारलं तर खरंच, फौजेतून आलेला. मी त्याला जय हिंद केलं आणि आतली एक खुर्ची बाहेर आणून दिली. मुलगी, तिची आई आणि ताई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, रेकॉर्डच्या खोलीजवळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना खुर्ची द्यावी हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बाराच्या सुमारास क्लार्कने मला चिठ्ठी दिली. वर नुसता नंबर. म्हणाला, फक्त एवढंच पुकारा, ताई तिला घेऊन येतील. आणि बाहेर येता येता पुन्हा तेच म्हणाला. मी दारात आलो आणि नंबराकडे बघत थांबलो. आता हसू येतं आणि स्वतःची कानशिलं लाल करावीशी वाटतात, पण त्या क्षणी मला खरोखर असं वाटलं, की नंबर काय पुकारायचा? नंबर कैद्याला असतो, बाजारात म्हशीच्या कानाला असतो. चांगल्या घरची मुलगी आहे, न्याय मागायला आलीय, तिला मानाने बोलवावं. समन्सची प्रत मी सकाळीच पाहिली होती. नाव माझ्या लक्षात होतं. माझ्या लक्षात सगळी नावं राहतात, हाही माझा एक गर्व.

मी टाचा जुळवल्या आणि पुकारलं.

पहिल्या हाकेला व्हरांडा गप्प झाला. दुसऱ्या हाकेला बांधाच्या भांडणासाठी आलेली दोन माणसं बाकावरून उठून बघायला लागली. ती नेमकी तिच्याच गावची होती. ताई हात वर करून माझ्याकडे धावत येत होती, मला वाटलं, आलोच म्हणून सांगतेय. मी तिसरी हाक दिली.

तिसऱ्या हाकेला ती मुलगी भिंतीपासून सुटली. पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर केली, आणि समोर कुठेच न बघता मोठ्याने म्हणाली,

"हजर सर."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, वा! पोरीला शिस्त आहे.

मग मी पाहिलं, की ती तशीच उभी आहे. आई तिचा हात ओढत होती आणि हात मांडीपासून सुटत नव्हता. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. खुर्चीत बसलेला तो माणूस मान वळवून तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं, ते मी पलटणीत काही वाईट माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. बाकाजवळचा गाववाला दुसऱ्याला म्हणाला, "आरं, ही तर आपल्या खालच्या आळीची." हळूच म्हणाला. त्याला माझ्यापेक्षा अक्कल होती.

ताईने तिला बायकांच्या स्वच्छतागृहात नेलं. तासाभराने आईसकट तिघी बाहेर आल्या त्या सरळ फाटकाकडे गेल्या. साक्ष झाली नाही. आरोपीचे वकील उठून म्हणाले, साक्षीदाराची तयारी दिसत नाही. पुढची तारीख पडली.

मॅडमनी, म्हणजे जजसाहेबांनी, मला चेंबरमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "तुमचा आवाज फार चांगला आहे." मी सवयीने छाती फुगवली. मग म्हणाल्या, "यापुढे या कोर्टाला त्याची गरज पडणार नाही." आणि पुढची फाइल उघडली.

संध्याकाळपर्यंत गावात नाव पोचलं होतं. पंधरा दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. वडिलांनी कोर्टाचं नाव काढायचं नाही असं सांगून टाकलं आणि नंतर तिच्याशी बोलणंच टाकलं. हे मला ताईने सांगितलं नाही. टपरीवर ऐकलं. टपरीवर सगळे हे असं बोलत होते, जसं काही ते आपोआप घडलं होतं.

पुकारा गेल्यावर मला नव्या खोलीच्या कामाला लावलं. घाबरलेल्या साक्षीदारांना आरोपीसमोर न बसता बोलता यावं म्हणून मागच्या बाजूला एक खोली तयार होत होती. मी जीव ओतून मांडली. साक्षीदाराची खुर्ची मधोमध, पाहुण्यांना देतात तशी, पाठीवर नवा टॉवेल टाकून. खाजगीपणा राहावा म्हणून दाराला आतून नवी मोठी कडी. ताई बघायला आली. तिने टॉवेल बघितला, कडी बघितली, आणि मला म्हणाली, बसा तुम्ही.

मी बसलो. दार माझ्या पाठीमागे होतं. ताईने ते उघडलं, लावलं. मी वळून बघितलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा मी उठून उभाच राहिलो.

"तुम्ही हॉटेलात कुठे बसता, हवालदार?"

मी म्हणालो, कोपऱ्यात. भिंतीला पाठ लावून.

"का?"

मी म्हणालो, सवय. काश्मीरहून परत आल्यापासून दिवाळीचा पहिला बॉम्ब वाजला, की आमच्या घरात बायको न बोलता खिडक्या लावून घेते आणि टीव्हीचा आवाज वाढवते. वीस वर्षं झाली. आम्ही दोघं कधी त्याबद्दल बोललेलो नाही. मला कुणी व्हरांड्यात उभं करून, चार गावच्या माणसांसमोर, त्याचा जाब विचारलेला नाही.

ताईने खुर्ची भिंतीला लावली, तिथून दार दिसेल अशी. कडी काढायला सांगितली. म्हणाली, आत आलेल्या बाईला वाटलं पाहिजे, की मी कधीही उठून जाऊ शकते. पाण्याचा ग्लास भरून पुढे करायचा नाही, तांब्या ठेवायचा. तिचं तिला घेऊ दे. घाबरू नकोस म्हणायचं नाही. मग मी विचारलं, त्या दिवशी ती तशी का उभी राहिली? ताईने सांगितलं, की अकॅडमीत तो रोज पहाटे हजेरी घ्यायचा. असंच, पूर्ण नाव, टाचा जुळवून. जिला एकटीला मागे थांबवायचं असेल तिचं नाव तो शेवटी, तीनदा घ्यायचा.

"तिने ठरवून नाही केलं ते. अंगाला आठवतं हो. तिला विचारून नाही आठवत," ताई म्हणाली.

मी त्या रात्री जेवलो नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या, कारण नाही खाल्ल्या तर बायकोने कारण विचारलं असतं.

त्यानंतर मी मूर्खपणा संपवला असेल असं कुणाला वाटत असेल, तर ते मला ओळखत नाहीत. एका शनिवारी मी सहा मोसंबी घेतली आणि कुपवाडची बस पकडली. माफी मागायची होती. वाटेत भाषण पाठ केलं. वसाहतीच्या कोपऱ्यावर उतरलो, कारखाने सुटायची वेळ, जिकडेतिकडे दुचाक्या. गल्ली सापडेना म्हणून मी ताईलाच फोन केला.

ती म्हणाली, "पत्ता कुठून मिळाला?"

मी म्हणालो, फाइलमधून.

तिने विचारलं, "माफी मागितल्यावर बरं कुणाला वाटणार आहे, हवालदार? तिला का तुम्हाला?" उत्तराची वाट न बघता म्हणाली, मिळेल त्या बसने परत फिरा. आणि पत्ता विसरा. पहिलं मी ताबडतोब केलं. मोसंबी येताना बसमध्ये सहाच्या सहा खाल्ली. शेजारचा माणूस सालींकडे बघत होता.

दोन तारखा गेल्या. मुलगी आली नाही. ती कुपवाडात एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला लागली होती. भरतीचं वय हातात असताना तिने पळणं सोडून दिलं होतं. तिसऱ्या तारखेला आरोपीचे वकील म्हणाले, साक्षीदार येत नाही, पुरावा बंद करावा. सरकारी वकिलांनी पोलिसांकरवी आणण्याचं सुचवलं. ताईने परवानगी मागून एवढंच म्हटलं, की पोलिसांनी धरून आणलेली मुलगी बसेल, बोलणार नाही. मॅडमनी आणखी एक तारीख दिली. ही शेवटची, हेही सांगितलं. ती नाही आली तर तिचं म्हणणं न ऐकताच केस पुढे जाणार होती, आणि तिच्या म्हणण्याशिवाय त्या केसमध्ये होतंच काय? जाता जाता मॅडम ताईला म्हणाल्या, तिला यायला काय लागेल ते तिलाच विचारून या.

आठवड्याने ताई कागद घेऊन चेंबरमध्ये आली. मी कपाटात फाइली लावत होतो. मॅडम म्हणाल्या, वाचा. ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाचलं. मागच्या फाटकाने यायचं. भिंतीजवळची खुर्ची. तो दिसता कामा नये आणि त्याचा आवाजही येता कामा नये. आई शेजारी. मध्ये थांबायचं असेल तर हात वर केला की थांबायचं. नावाने कुणी हाक मारायची नाही. शेवटचं वाचताना ताईचा आवाज जरा खाली आला.

"तो ओरडणारा शिपाई त्या दिवशी इमारतीत नको."

मी फाइली लावतच राहिलो. एक फाइल उलटी लावली गेली, ती अजून तशीच असेल. मॅडमनी कागदावर सही केली. मी बाहेर येऊन रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडला. 'घरगुती काम' लिहिलं. सतरा वर्षं फौजेत मी कुठली जबाबदारी टाळली नव्हती, आणि इथे गैरहजर राहणं हीच मला नेमून दिलेली ड्युटी होती.

त्या दिवशी मी सांगलीला गेलो. कोर्टापासून लांब राहायचं, तर नीट लांब राहावं. कृष्णेच्या घाटावर दहा वाजता जाऊन बसलो, पाठीला भिंत बघून. पाणी संथ होतं. एक बाई सतरंजी धूत होती, तिचा आपटण्याचा आवाज पलीकडून पुन्हा यायचा. मी घड्याळ बघत होतो. आता आत गेली असेल. आता नंबर पुकारला असेल, माझ्या जागी आलेला शिपाई तोंडातल्या तोंडात पुकारतो, देव त्याचं भलं करो. आता उलटतपास. आता तो वकील विचारत असेल, इतके दिवस गप्प का होतात? मी उठलो, बसलो. दोन वाजता ताईला फोन लावला, तिने कापला. चार वाजता लावला, पुन्हा कापला. पावणेसहाला मेसेज आला. एकच शब्द होता : झालं.

मी त्या घाटावर रडलो, आणि रडतानाही आवाज मोठाच निघाला. सतरंजीवाली बाई केव्हाच गेली होती म्हणून बरं. रडू आनंदाचं होतं असं म्हणवत नाही. ती बोलली होती. पण जी पोरगी पहाटे पळायची, पोलीस होणार होती, ती काही परत आली नव्हती. बहिणीचं मोडलेलं लग्न जुळलं नव्हतं. बाप बोलत नव्हता. त्यातलं त्या शिट्टीवाल्याचं किती आणि माझं किती, याची वाटणी मी अजून करतो आहे. निकालही अजून लागलेला नाही.

महिन्याभराने सांगलीच्या स्टँडवर मी साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो, तर खांबाजवळ तिची आई दिसली. पिशव्या पायाशी ठेवून उभी. ताईने सांगितलेलं सगळं आठवत होतं. तरी पाय तिकडे गेलेच. कुपवाडच्या बसमध्ये पाठ केलेलं भाषण शब्दन् शब्द लक्षात होतं. इतके महिने मी हळू बोलायचा सराव केला होता. घरात बायको विचारायची, घसा बसलाय का. तेवढ्याच हळू आवाजात मी हात जोडून म्हणालो, की मावशी, माझं चुकलं.

ती म्हणाली, "काय?"

मी पुन्हा म्हणालो. मागे कंडक्टर कोल्हापूर कोल्हापूर करत होता. तिला पुन्हा ऐकू आलं नाही. ती माझ्याकडे निरखून बघत राहिली आणि मग तिने ओळखलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी तयार होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. तिने शिव्या दिल्या नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पाण्याच्या नळाकडे एकदा वळून पाहिलं आणि सरळ सांगितलं,

"तुमी त्या दिशी नव्हता, म्हणून समदं झालं. पोरगी पाणी आणाया गेलीया, यील इतक्यात. तुमी जरा त्या खांबाच्या पल्याड सरा बगू."